क्लिपवाली मॅक्रो लेन्स घेतली आणि लांब तंगड्यांच्या माशीवर तिची परीक्षा घेतली

सप्टेंबर आला की इथे लीड्समध्ये संध्याकाळी दिवा लावून खिडकी उघडी ठेवायची सोय नाही, लगेच ते लांब तंगड्यांचं ध्यान आत येतं आणि दिव्याभोवती धडपडत भिंतीला आपटत बसतं. इथले लोक याला डॅडी लाँगलेग्ज म्हणतात, पुस्तकी नाव क्रेन फ्लाय. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणते, "अगं बाई, केवढा हा डास! तिकडे डेंग्यू असतो का गं?" आईची चूक नाही, दिसतो डासांचा आजोबाच, पण चावत नाही, रक्त पीत नाही. आणि इथे लोक जे ठासून सांगतात ना, की ही जगातली सगळ्यात विषारी माशी आहे फक्त तिला चावता येत नाही, ती निव्वळ थाप आहे.

तर लेन्सचं. मोबाईलवर चिमट्यासारखी लावायची, बाजूने गोल एलईडी लाईट, बॉक्सवर मोठ्या अक्षरात 15 एक्स, किंमत 18 पौंड. ब्रँडचं नाव देत नाही, ऑनलाईन पन्नास नावांनी सारख्याच दिसणाऱ्या मिळतात त्यातलीच एक. रिव्ह्यू वाचले तर सगळ्यांनी गुलाबाच्या पाकळीवरचा थेंब नाहीतर नाण्यावरची राणी टाकलेली. फुलाचा फोटो कशानेही बरा येतो हो. मला बघायचं होतं की लेन्स खरंच काही *सांगते* का. म्हणून परीक्षा ठरवली: घरात येणारी माशी क्रेन फ्लायच्या दोन जातींपैकी कुठली, टिपुला पालुडोसा की टिपुला ओलेरेशिया, हे हिच्या फोटोवरून ठरवता आलं पाहिजे. दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या, राखाडी-तपकिरी अंग, पंखाच्या पुढच्या कडेला तपकिरी पट्टी आणि तिच्यामागे फिकट रेघ, हे दोघींनाही असतं, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

पहिली अडचण माशीची नाही, फोनची. आजकालच्या तीन कॅमेऱ्यांच्या फोनवर क्लिप नेमकी मेन कॅमेऱ्यावर बसवायची, आणि जरा जवळ गेलं की फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, मग स्क्रीनवर नुसता काळा डाग, मी अर्धा तास लेन्सला शिव्या घालत होते, शेवटी नवऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन ते ऑटो मॅक्रो बंद केलं. बॉक्समधल्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही. कव्हर पण काढावं लागतं.

मग माशी. हिला हाताने पकडलं तर तंगडी तुमच्या चिमटीत आणि माशी गायब, मांडीच्या पार बुडाशी ठरलेल्या सांध्यातून पाय तुटतो, पालीच्या शेपटीसारखं, फक्त इथे परत उगवत नाही. म्हणून काचेचा ग्लास आणि पोस्टकार्ड, मग झाकणाच्या डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये. (फ्रिजमध्ये दह्याशेजारी माशी बघून घरात जे ऐकावं लागलं ते वेगळं.) थंड झाली की सुस्तावते, पांढऱ्या बशीत ठेवली की तीन-चार मिनिटं मिळतात.

इथे मात्र लेन्स आवडली. लेन्स आणि माशीत दोन-तीन सेंमी अंतर ठेवून फोन हळूहळू पुढेमागे केला की एकदम सगळं लखलखीत होतं. पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते, ती क्रेन फ्लायची मोठी खूण, स्पष्ट दिसली. पंखांच्या मागे दोन हॅल्टीअर, म्हणजे दुसऱ्या जोडीचे पंख आटून उरलेल्या टाचण्या, उडताना तोल सांभाळायला, त्या साध्या डोळ्यांनाही दिसतात पण लेन्समधून त्यांचं डोकं नीट गोल दिसतं. तोंड पुढे काढलेलं, त्यावर नाकाडासारखं छोटं टोक. मुद्दाम बाथरूममधला एक मेलेला डास पण लेन्सखाली घेतला: त्याला लांब सोंड आणि पंखांच्या शिरांवर बारीक खवले, हिचे पंख साफ, सोंड नाही. आईला दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून पाठवले, तिचा अंगठा आला.

माझी माशी मादी होती. पोटाचं टोक सुईसारखं निमुळतं, लोक त्यालाच नांगी समजून घाबरतात पण ते अंडी जमिनीत घालायचं अवजार. नराचं टोक बोथट, गदेसारखं फुगीर, आणि त्यात बारीकबारीक भागांची अशी गुंतागुंत की बऱ्याच जाती त्यावरूनच ओळखतात, तिथे ही लेन्स गळपटते, नुसता तपकिरी गोळा दिसतो. मादीचं सोपं आहे. पालुडोसा मादीचे पंख पोटापेक्षा आखूड, ओलेरेशिया मादीचे पोटापेक्षा लांब. याला खरं तर लेन्सही लागत नाही, पट्टी पुरते, पण माझीने पंख तिरके धरलेले आणि पोट फुगलेलं, त्यामुळे नक्की सांगवेना.

मग अँटेना, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, मण्यांसारख्या तुकड्यांच्या. पालुडोसाला 14 मणी, ओलेरेशियाला 13. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिला लांबट, दुसरा आखूड गोलसर, पुढे बारीक होत जाणारी माळ, आणि या लेन्सला फोकसची खोली इतकी कमी की मुळाशी नीट दिसलं की टोक धूसर, टोक धरलं की मूळ गेलं. कडेला तर सगळं जांभळट होतं. चाळीसेक फोटो काढले, जपमाळ ओढल्यासारखे मणी मोजले, तीनदा 13 आले, दोनदा 14. शेवटचा मणी एवढा बारका की तो मणी आहे की धूळ तेच कळेना. त्यात एलईडी फुल केली की अंग चकाकतं आणि सांधे पुसून जातात, त्यापेक्षा ती बंद करून टेबल लॅम्पवर टिश्यू पेपर धरा, दसपट बरा उजेड मिळतो. 15 एक्स वगैरे विसरा. माझ्याकडे 10 एक्सचं साधं हातभिंग आहे, त्यातून बघितलं तर 14 मणी, एका दमात.

पण डोळ्यांनी लेन्सची लाज राखली. माशी उताणी करायची आणि डोकं खालून बघायचं: ओलेरेशियाचे दोन डोळे खालच्या बाजूला जवळजवळ चिकटतात, मध्ये नुसती रेघ, आणि पालुडोसाच्या डोळ्यांमध्ये चांगली रुंद मोकळी जागा. माझ्या फोटोत दोन डोळ्यांमधून बोळ गेल्यासारखी जागा, शंकाच नाही. पालुडोसा. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी सहा पकडल्या, त्यातल्या एकीचे डोळे खाली असे भिडलेले की मी स्वयंपाकघरातून ओरडलेच. ओलेरेशिया! ती वर्षातून दोनदा येते, मे-जूनच्या सुमाराला आणि परत शरदात, म्हणून या दिवसांत दोघींची सरमिसळ होते.

एवढा खटाटोप कशाला म्हणाल तर दोघींच्या अळ्या जमिनीत गवताची मुळं खातात, इथे त्यांना लेदरजॅकेट म्हणतात. 1935 साली याच अळ्यांनी लॉर्ड्सचं मैदान पोखरलं होतं, गवताचे पार टक्कल पडल्यासारखे पॅच, आणि त्याच खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेच्या लेगस्पिनर बलास्कसने 9 विकेट काढल्या आणि त्यांनी इंग्लंडमधली आपली पहिली टेस्ट जिंकली. आमचं लॉन तर लॉर्ड्सही नाही.

तक्रार एकच, पण मोठी. दहाव्या दिवशी क्लिपच्या आतलं रबर सुटलं, मग धातू थेट स्क्रीनवर. विक्रेत्याला लिहिलं तर म्हणे फोटो पाठवा, पाठवले, म्हणे व्हिडिओ पाठवा, तोही पाठवला, मग 2 पौंड परत देतो, रिव्ह्यूमध्ये पाच तारे द्या. नाही दिले. साडेतीन देते: काच चांगली म्हणून तीन, डोळ्यांच्या त्या फोटोसाठी अर्धा. मणी मोजायचे असतील तर हातभिंग घ्या, फोटो जपून ठेवायचे किंवा कुणाला दाखवायचे असतील तर ही घ्या. क्लिपला सध्या कोथिंबिरीच्या जुडीचं रबर गुंडाळलंय, कंपनीच्या रबरापेक्षा जास्त दिवस टिकलंय.