सुगंधी पुडीतलं वाळ्याचं बी

पुडी उघडली आणि वाळ्याचा वास आला. माझी फसवणूक त्या क्षणीच पूर्ण झाली होती, पुढचे सात-आठ महिने मी नुसते तिचे हप्ते भरत होते.

अंगणाच्या उताराला एक कोपरा आहे, तिथे पाणी साचतं आणि काहीही लावलं तरी मुळं कुजतात. वाळा बहुवर्षायु, मुळं थेट खाली कित्येक फूट जाणारी, पाय पाण्यात असले तरी तक्रार न करणारा. म्हणून वाळाच लावायचा ठरवलं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘अस्सल वाळ्याचं बी’ दिसलं. सोबत हिरव्यागार जुड्यांचा फोटो. मागवलं.

वाळ्याचा सुगंध फक्त मुळांत असतो. पान चुरगाळलं तर नुसता गवताचा वास येतो, आणि बी तर त्याहून लांबची गोष्ट. ‘वेट्टिवेर’ या मूळ तमिळ नावाचा अर्थच ‘खणून काढलेलं मूळ’ असा आहे. म्हणजे कुणीतरी त्या बियांवर अत्तराचा हात फिरवला होता. शिवाय लागवडीतला वाळा बियांपासून करतच नाहीत. त्याला तुरा येतो, पण उगवणारं बी सहसा धरत नाही. उत्तर भारतात रानात वाढणारा एक प्रकार बी धरतो, पण तो पसरतो म्हणून बांधावर लावणारे त्याला टाळतात. लागवड होते ती ठोंबांनी, म्हणजे जुन्या जुडग्यातून मुळांसकट सुट्या केलेल्या फुटव्यांनी. हे सगळं मला आता माहीत आहे.

पुडीसोबत एक चिठ्ठी होती: ‘४५ दिवस ओल मोडू देऊ नका, माती उकरू नका, धीर धरा.’ माल परत करायची मुदत १० दिवसांची. हे दोन आकडे मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. उलट आठवड्यात हिरवी पाती वर आली तेव्हा फोटो पाठवला आणि पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले.

दोन महिन्यांनी कणसं आली. शेजारच्या काकूंनी कुंपणावरूनच विचारलं, ‘अगं, हे पाखड कशाला वाढवतेस?’ मग आत येऊन एक काडी उपटली आणि पान दांड्याला कवटाळतं ती जागा नखाने उघडून दाखवली. ‘भाताला इथे पातळ पापुद्रा असतो, पाखडाला नसतो. लावणीत आम्ही यावरूनच निवडायचो.’ भातातलं तण मी दोन महिने लाडाने पाणी घालून वाढवलं होतं.

तक्रार केली. आधी म्हणाले हवामान, मग म्हणाले तुमच्याच मातीतलं तण असेल. मी सोडत नाही म्हटल्यावर सूर एकदम मऊ झाला: ‘ताई, तुमचं नुकसान नको. ठोंब फुकट पाठवतो, फक्त कुरिअरचे द्या आणि तक्रार तेवढी मागे घ्या.’ मी घेतली. या सगळ्यात मला स्वतःचा राग येतो तो इथे.

ठोंब आले, छाटलेले, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. तीन आठवड्यांत मधल्या मोकळ्या जागेतही कोंब दिसायला लागले. उकरून पाहिलं तर हरभऱ्याएवढी काळपट गाठ. नखाने फोडली आणि काय सांगू, सुवास! कापरासारखा, थोडा तिखट. हाच वाळा, म्हणून आणखी पंधरा दिवस पाणी घातलं. मग एकदा सहज दांडा बोटांत फिरवायला गेले तर फिरेना. तीन धारा होत्या त्याला. तो लव्हाळा होता, आणि त्याच्या गाठी म्हणजे औषधात वापरतात तो मोथा. त्यालाही वास असतो, पण तो गवताच्या कुळातला नाहीच. उपटला की पातं हातात येतं, गाठ जमिनीत राहते.

खरे ठोंब शेवटी वाळा लावलेल्या एका ओळखीच्यांकडून आणले. आधी एक जुडगा माझ्यासमोर उपटायला लावला. बुंधा पंख्यासारखा चपटा, मुळं दोऱ्यांसारखी सरळ खाली, कुठे गाठ नाही की आडवा धावणारा फुटवा नाही. मूळ धुऊन हुंगलं, मगच घेतले. दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब, पाती वीतभर ठेवून छाटलेली, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, भर उन्हात. सावलीत वाळा खुरटतो. जीव धरेपर्यंत पाणी मोडू द्यायचं नाही, त्यानंतर तो पाण्यात बुडाला तरी तग धरतो.

ऑनलाइन मागवणारच असाल तर उपटलेल्या जुडग्याचा, मुळांसकट व्हिडिओ आधी मागा. जाहिरातीचा फोटो स्वतःकडे ठेवा, कारण माझ्या तक्रारीनंतर तिथलं ‘वाळ्याचं बी’ गुपचूप ‘सुगंधी गवताचं बी’ झालं. आणि बदली माल ओळखू येईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.

माझ्या कोपऱ्यात अजून दर रविवारी खुरपं घेऊन गाठी वेचणं चालू आहे. परवा त्या विक्रेत्याच्या पानावर कुणीतरी विचारलेलं दिसलं, ‘महिना झाला, मुळांना वास कधी येतो?’ खाली उत्तर होतं, ‘धीर धरा.’ त्याच्या वर माझे पाच तारे अजून तसेच आहेत.