कोकणात जागा भाड्याने घेताना: भाडेकरार की लिव्ह अँड लायसन्स?

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा अलिबागला बदलीवर आलेला माणूस जागा बघायला जातो, तेव्हा भाडं किती, डिपॉझिट किती आणि मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का, एवढंच विचारतो. कागद कोणता करायचा ते मालक किंवा एजंट ठरवतो. पुढचं सगळं मात्र त्या कागदावरच अवलंबून असतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात भाडेकरूला, म्हणजे भाडेकरार करून राहणाऱ्याला, संरक्षण आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते, त्यापुढे जवळजवळ काही नाही.

आधी भाडेवाढ. भाडेकरूचं भाडं मालकाला वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. म्हणजे ५,००० चे ५,२००. घराच्या सुधारणेचा खर्च आणि वाढलेले कर यांचे नियम वेगळे आहेत. लायसन्सला अशी मर्यादा नाही. लायसन्सचे नेहमीचे अकरा महिने संपल्यावर मालकाने ८,००० चे १०,००० मागितले, तर द्या किंवा जागा सोडा. म्हणून दोन-तीन वर्षं राहायचं नक्की असेल तर अकराऐवजी ३६ महिन्यांचा करार मागा आणि दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या. असा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

जागा सोडायला लावण्याच्या बाबतीत फरक आणखी मोठा आहे. भाडेकरू भाडं भरत असेल आणि अटी पाळत असेल, तर मालकाला त्याला सहज काढता येत नाही. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला तर जागा वाचू शकते. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करणं, पोटभाडेकरू ठेवणं, वाजवी कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणं, ही कारणं मात्र अंगाशी येतात. मालकाची स्वतःची खरी गरज हेही कारण आहे. मुंबईतून निवृत्त होऊन गावी परतणारा चाकरमानी ते मांडू शकतो. मग जागा गेल्याने भाडेकरूला आणि न मिळाल्याने मालकाला किती त्रास होईल, हे कोर्ट तोलून बघतं.

लायसन्समध्ये तारीख संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो, आणि मुदत संपल्यापासून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम लागू शकते. समन्स आल्यावर ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झालं असंच धरलं जातं.

एवढं वाचून कुणीही भाडेकरार मागेल. पण तो सहसा मिळत नाही. कोकणात मालकाच्या मनात 'कूळ लागेल', म्हणजे राहणाऱ्याचा जागेवर कायमचा हक्क बसेल, ही भीती घट्ट बसली आहे. ती १९४८ च्या कूळकायद्यातून आली आणि तो कायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या घराच्या भाड्याशी त्याचा संबंध नाही. हे मालकाला शांतपणे सांगून बघा. पण भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ शकतो, म्हणून मालकाची काळजी अगदीच निराधार नाही. नोकरी बदलीची असेल तर लायसन्स घ्यायला हरकत नाही असं माझं मत आहे. दुकानाचं तसं नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतल्या दुकानांचा माल चिखलात गेला, फर्निचर फुगलं. असा खर्च पुन्हा उभा करायची वेळ येऊ शकते, तिथे अकरा महिन्यांच्या परवानगीवर लाखो रुपये घालू नका. मुद्रांक शुल्क जास्त पडलं तरी काही वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टाच (ठराविक मुदतीचा भाडेकरार) मागा.

दुरुस्तीचा प्रश्न आपल्याकडे पावसाशी बांधलेला आहे. जांभ्याच्या कौलारू घराची शाकारणी (छपराची कौलं नीट करून बसवणं) मेअखेर झाली नाही, तर जूनमध्ये घरभर पातेली मांडावी लागतात. भाडेकरू असाल तर जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने काही केलं नाही, तर तुम्ही दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. लायसन्समध्ये करारात असेल तेवढंच. म्हणून शाकारणी कोण करणार, आणि जून २०२० च्या निसर्ग वादळासारखं काही होऊन कौलं उडाली तर भाडं चालू राहणार का, हे शब्दांत लिहून घ्या.

कागद कुठलाही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल तुमचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणली म्हणजे नोंदणी झाली, असं नाही. खर्चही फार नाही: ८,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट आणि अकरा महिने धरले, तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक सव्वादोनशेच्या आसपास येतो. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००.

गावात घर घेत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. त्याबाहेर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो आणि करारात वेगळं काही नसेल, तर महिन्याच्या बोलीवरचं घर १५ दिवसांच्या नोटिशीवर सोडावं लागतं. शिवाय घर बऱ्याचदा सामाईक असतं. किल्ली गावातल्या काकांकडे आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर चार भावांची नावं. अशा वेळी सगळ्यांच्या सह्या घ्या, किंवा सही करणाऱ्याकडे बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र आहे का ते बघा. डिपॉझिटचा चेक त्यानंतर.