यो-यो मा प्लेज एन्यो मॉरिकोने: बरेच महिने ऐकून झाल्यावर, आणि एका ट्रॅकवर कायमची तक्रार

सीडी प्लेअर बंद पडला म्हणून हे लिहायचा मुहूर्त लागला. लेन्स गेली म्हणे. आमच्या ठाण्यातल्या सर्व्हिसवाल्याने नव्या प्लेअरच्या जवळपास निम्मी किंमत सांगितली, वर व्हिजिट चार्ज वेगळा, मी म्हटलं अरे तू फक्त झाकण उघडून बघितलंस, तर म्हणे साहेब झाकण उघडायचेच पैसे असतात. वाद घालून थोडे कमी केले पण दुरुस्ती काही करून घेतली नाही. त्यामुळे सध्या हा अल्बम, म्हणजे सिनेसंगीतकार एन्यो मॉरिकोनेंच्या धुना, वाजवणारा चेलोवादक यो-यो मा (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य), फुकटच्या ॲपवर, ऐरोलीला जाताना लोकलमध्ये, आणि तिथे शफल बंदच होत नाही. अहो इथे लिओनेचा सुइट आहे, तोर्नातोरेचा आहे, डी पाल्माचा आहे, एकेका दिग्दर्शकाचे तुकडे ओळीने लावलेत, आणि मध्येच बनियनची जाहिरात!

२००४ चा अल्बम, रोमा सिन्फोनिएत्ता ऑर्केस्ट्रा, संचालनाचं बॅटन खुद्द मॉरिकोनेंच्या हातात, हे सगळं तुम्हाला माहीतच असेल. सुरुवात 'गॅब्रिएल्स ओबो'ने, म्हणजे 'द मिशन' (१९८६) मधली ओबो या फुंकवाद्याची ती धून, इथे चेलोवर. छानच आहे, त्यावर जास्त बोलत नाही, सगळेच बोलतात.

माझं भांडण 'एक्स्टसी ऑफ गोल्ड'शी आहे. मूळ पिक्चरमध्ये, 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६), तिथे गायिका एड्डा डेल'ओर्सो गाते, शब्दच नाहीत, नुसता आवाज, आणि तो वर वर चढत जातो तेव्हा कबरस्तानात धावणाऱ्या त्या माणसासोबत आपल्यालाही धाप लागते. चेलोवर तीच ओळ सुरात आहे, सफाईदार आहे, पण धाप कुठाय? चेलो मुळात खालच्या पट्टीचं वाद्य. तितक्या वर न्यायचं तर अंगठासुद्धा तारेवर ठेवून वाजवावं लागतं, आणि तिथे त्याचा भरदारपणा उतरतो. सुरुवातीचे महिने मी हा ट्रॅक आला की पुढे ढकलायचो आणि भेटेल त्याला सांगायचो की चेलोने बाईच्या आवाजाची जागा घ्यायच्या फंदात पडू नये.

मग 'डेबोराज थीम'ने पंचाईत केली. 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' (१९८४) मधली. मूळ थीममध्येही एड्डाचाच आवाज आहे, म्हणजे माझ्या हिशोबाने हीसुद्धा फसायला हवी होती, पण इथे यो-यो मा चक्क गायकी अंगाने वाजवतो. चेलोला पडदे नसतात, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, आपल्या सारंगीवाल्यासारखं, आणि तो ते इतकं जपून करतो की ऐरोली कधी आलं कळत नाही. मग डोक्यात प्रकाश पडला, ही धून सावकाश आहे, मधल्या सप्तकात रेंगाळते, चेलोला श्वास घ्यायला जागा आहे. 'एक्स्टसी'त ती जागाच नाही. तेव्हा आधीचं मत निम्मं मागे, 'एक्स्टसी'पुरतं मात्र कायम. आणि मॉरिकोने स्वतः समोर उभे राहून हे करवून घेतायत म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे, माणूस २०२० मध्ये गेला.

त्याच पिक्चरमधल्या 'कॉकाइज साँग'बद्दल मात्र कौतुक. मूळची झामफीर या वादकाची पॅन फ्लूट (ओळीने बांधलेल्या नळ्यांची बासरी) कानाला टोचते (मला तरी), चेलोवर तीच गोष्ट सोसवते. मोझेस आणि मार्को पोलोचं टीव्हीवालं संगीत ठीक, जेवताना चालतं. शेवटी 'लेडी कॅलिफ' या पिक्चरचे दोन तुकडे, त्यातलं 'नॉक्टर्न' रात्री घोडबंदर रोडचे ट्रक जरा शांत झाल्यावर ऐका, कारण खालचे हळू सूर गाड्यांच्या घरघरीत पार बुडतात. आमच्याकडे ते साडेबाराशिवाय शक्य नाही.

पैशाचं म्हणाल तर ॲपचं प्रीमियम मी भरणार नाही, जुनी सीडी कुठे स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या. पाचपैकी साडेचार. अर्धा एड्डाबाईंचा.