ओपनएफडीएचं औषध-लेबल एपीआय: एआय एजंटला जोडण्याआधी

चिपळूण-कुडाळकडच्या मेडिकलसाठी किंवा छोट्या दवाखान्यासाठी चॅट सहाय्यक बनवायचा, तर औषधाची माहिती मॉडेलच्या आठवणीवर सोडून चालत नाही. अमेरिकेच्या एफडीएची (तिथलं अन्न व औषध प्रशासन) 2014 पासून चालू असलेली ओपनएफडीए ही एपीआय सेवा, म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडून माहिती मागवायची सोय, मोफत आहे आणि लेबलाचा, म्हणजे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकाचा, मूळ मजकूर देते. सेवा म्हणून ती उत्तम आहे. पण ती एजंटला, म्हणजे त्या सहाय्यकाला, थेट जोडू नका, मध्ये माहिती मागवून त्याला देणारं स्वतःचं छोटं टूल लिहा. एमसीपी सर्व्हर (एजंटला टूल जोडायची एक प्रमाणित पद्धत) करा की साधं फंक्शन, त्यानं फारसा फरक पडत नाही.

या सेवेची खरी ताकद म्हणजे लेबल विभागांत तोडून मिळतं: उपयोग, मात्रा, निषेध (कुणाला द्यायचं नाही), आंतरक्रिया (दुसऱ्या औषधांशी होणारा परिणाम), चौकटीतला इशारा (सर्वांत गंभीर धोक्याचा), सगळं वेगवेगळं. एजंटला अख्खं लेबल देऊ नका. मजकूर लांबलचक असतो आणि मध्येच कापला गेला तर नेमकं हवं ते वाक्य गळतं. मेटफॉर्मिनबद्दल प्रश्न आला तर चौकटीतला इशारा आणि निषेध एवढेच विभाग मागवा. लॅक्टिक ॲसिडोसिसचा (रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा) धोका आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) 30 च्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, हे दोन्ही तिथंच हाती लागतं. तक्त्यांकडेही लक्ष हवं. मुख्य मजकुरात तक्त्याचे आकडे एकापुढे एक चिकटून येतात. मात्रेचा तक्ता वेगळ्या फील्डमध्ये (माहितीच्या खणात) एचटीएमएल म्हणून असतो, तोच वाचा.

सर्वांत जास्त गडबड नावांची. आपल्याकडचं पॅरासिटामॉल तिथं ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे आल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन. ही जोडी-यादी टूलमध्येच ठेवा, मॉडेलला अंदाज बांधू देऊ नका. दोन शब्दांचं नाव अवतरण चिन्हांत हवं. दोन अटी एकत्र लावताना मध्ये 'अँड' स्पष्ट लिहा, नाहीतर दोन्हींपैकी एक जुळणारी लेबलंही येतात.

ब्रँडच्या नावावरून तर शोधूच नका. कॉम्बिफ्लामच्या गोळीत आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. याच दोन घटकांची अमेरिकेतली ॲडव्हिल ड्युअल ॲक्शन मात्र 125 आणि 250 मिलिग्रॅमची. तिच्या लेबलवर 24 तासांत जास्तीत जास्त 6 गोळ्या लिहिलंय, म्हणजे आयब्युप्रोफेन 750 मिलिग्रॅम. एजंटनं तोच '6' आकडा कॉम्बिफ्लामला लावला तर आयब्युप्रोफेन थेट 2400 मिलिग्रॅमवर जातं! म्हणून स्ट्रिपवरची ताकद विचारल्याशिवाय आणि ती लेबलशी जुळल्याशिवाय टूलनं मात्रेचा विभाग परत देऊच नये. ही एक अट कोडमध्ये बसवली नाही तर बाकीची मेहनत वाया.

जुनी आणि नवी लेबलं वेगळी आहेत. 2006 च्या नियमानंतरच्या रचनेत इशारे आणि खबरदारी एकाच विभागात येतात, जुन्यात दोन वेगळे विभाग. बिनचिठ्ठीच्या औषधांत 'वापरू नका', 'डॉक्टरांना विचारा' असे निराळेच. एक फील्ड रिकामं दिसलं की एजंट 'इशारा नाही' म्हणून मोकळा होतो, तेव्हा टूलनं सगळे पर्याय तपासावेत. एकाच औषधाची अनेक कंपन्यांची लेबलं येतात, त्यांतलं तारखेनं सर्वांत नवं घ्या आणि ती तारीख उत्तरात दाखवा.

काहीच जुळलं नाही तर सेवा 404, म्हणजे 'सापडलं नाही', असा कोड देते. बऱ्याच कोडमध्ये याला बिघाड समजून पुन्हापुन्हा विनंती जाते आणि कोटा संपतो. एपीआय की (सेवेकडून मिळणारा ओळख-कोड) नसेल तर एका आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) दिवसाला 1000 विनंत्या, की घेतली तर 1,20,000. मिनिटाला 240 ची मर्यादा दोन्हीकडे. की फुकट आहे, पहिल्याच दिवशी घ्या.

कोकणासाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला. अमेरिकन लेबलवर त्या औषधाचा उपयोग उच्च रक्तदाब एवढाच. भातलावणीत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सीसायक्लिनचंही तसंच, लेबलच्या उपयोगांत लेप्टो सापडणार नाही. 'लेबलवर उल्लेख नाही' आणि 'देऊ नये' ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि टूलनं ती वेगळ्या शब्दांत परत द्यावीत. नाहीतर आरोग्य केंद्रातून मिळालेली गोळी कुणीतरी एजंटचं ऐकून टाकून देईल. फुरसं-घोणशीच्या विषावरच्या लसीसाठी तर हे भांडार उघडूच नका. तिथली लेबलं रॅटलस्नेकसारख्या तिकडच्या सापांची. सर्पदंशाचा शब्द आला की टूलनं शोध थांबवून 108 नंबर द्यावा.

पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही जातात. लेबलांचा पूर्ण साठा झिप फाइलींत उतरवता येतो. आपल्या यादीतल्या औषधांपुरता भाग काढून इन्व्हर्टरवरच्या मशीनवर ठेवा आणि नेट आलं की ताजा करा.