मुठ्यांचा रस्सा चोख, पण एक तारा कापला

पाऊस लागून पंधरा दिवस झाले की आम्हा पेणकरांना मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, आठवतात. समुद्राच्या चिंबोऱ्या बाजारात मिळतातच, पण शेताच्या बांधात बीळ करून राहणारा काळ्या पाठीचा मुठा पावसाळ्यातच खावा. म्हणून जुलैतल्या रविवारी डोंबिवलीहून निघून कर्जतच्या पुढे एका घरगुती खानावळीत गेलो. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. आदल्या दिवशी फोन करायचा. "गावले तर करीन," एवढंच मावशी सांगतात.

भरलेले मुठे मागवा. कल्ले काढून आत बेसन, कांदा आणि आगरी मसाला भरतात, वर दोरा गुंडाळतात. दोरा सोडवताना बोटं भाजतात, भाजू द्या. बारीक पाय पाट्यावर वाटून, गाळून तो रस रश्श्यात घातलेला. दाटपणा त्याचा, नुसत्या खोबऱ्याचा नव्हे. भाकरी तांदळाची, तव्यावरून थेट ताटात. भात मात्र गचका झाला होता. दोन मुठ्यांचं ताट ४५० रुपये. आणि शिजवतात नीट, हे महत्त्वाचं. गोड्या पाण्यातला खेकडा अर्धकच्चा खाल्ला तर फुफ्फुसात कृमी होऊ शकतात.

आता तारा का कापला ते. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे हात धुवायला गेले ती मोरीजवळच्या बादलीपाशी अडकलेच. एक मुठा उलटा केला. पोटाखालची पट्टी रुंद, म्हणजे मादी; नराची निमुळती असते. पट्टी जरा उचलली, तर खाली मसुराएवढी पिल्लं खचाखच. आठ पाय, दोन नांग्या, सगळं जागच्या जागी.

समुद्रातली खेकडी लाखांनी अंडी घालते, त्यातून अळ्या निघतात आणि पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे जातात. ओढ्याच्या लोंढ्यात तसली अळी टिकायची कशी? गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांनी ती अवस्थाच गाळून टाकली. अंडी फार तर काहीशे, पण मोठी, बलकाने भरलेली. फुटली की थेट खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाला बिलगून राहतो. तरंगून जायची सोय नसल्याने या डोंगरावरचे त्या डोंगरावर सहसा पोचत नाहीत, वेगळे होत जातात. जगात अशा १३०० हून जास्त जाती आहेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून तर २०१६ साली एकाच शोधनिबंधात पाच नव्या जाती आल्या. तेव्हा एक पिल्लवाली पातेल्यात गेली की त्या बांधावरची पुढची पिढीच उणी होते.

मावशींना दाखवलं. "पिल्लवाली आम्ही नाय करत, बाई. पोरगा काळोखात बघत नाय, धरतो नि टाकतो." तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून "लाखवाली द्या" अशी ऑर्डर आली आणि पोराने नेमकी तीच उचलली. अरे, लाख म्हणजे मादीच्या अंगातली, अजून न घातलेली अंडी; ती पाठीच्या आत असते, पट्टीखाली नव्हे! मावशी भाकरीत गुंतलेल्या, पोराला घाई. शेवटी म्हटलं, ही माझी.

मागच्या बांधावर नेऊन सोडली. बिलात पोराने लिहिलं: मुठा १, कच्चा, २२५ रुपये.