राउटरच्या यूएसबी पोर्टवर सात महिने: माझ्या फाइलींची मराठी नावं कुठे गेली?

राउटरला लावलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलींची मराठी नावं टीव्हीवर दिसत नाहीत, या माझ्या तक्रारीला परवा राउटर कंपनीच्या ग्राहकसेवेकडून तिसरं उत्तर आलं. ‘फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, अडचण दूर होईल.’ एवढंच. सात महिने वाट पाहून हे उत्तर मिळाल्यावर ठरवलं की आता सगळं सविस्तर लिहायचं. कंपनीचं नाव घालत नाही. राउटर घेण्याआधी काय तपासायचं ते इतरांना कळावं, एवढ्यासाठीच लिहितेय.

स्पेक्स सगळीकडे मिळतात, ते पुन्हा लिहीत नाही. मागे एक यूएसबी पोर्ट, त्याला एक्स्टर्नल ड्राइव्ह लावायची आणि घरातल्या टीव्हीवर, लॅपटॉपवर फाइली बघायच्या, या एका सोयीसाठी मी साध्या राउटरपेक्षा हजार-बाराशे रुपये जास्त मोजले. वेगळा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवायचा स्वतंत्र डबा, घ्यायचा तर तेव्हा ड्राइव्ह सोडून वीस-पंचवीस हजार गेले असते. आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

ड्राइव्हवर काय आहे ते सांगितल्याशिवाय माझा राग कळणार नाही. आमचं घर फोंडा तालुक्यातलं. बाबा देवळाच्या उत्सवात नाटकांतून कामं करायचे. गोव्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. दिवसा दुकान, शाळा, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सांभाळणारी गावचीच माणसं रात्री तोंडाला रंग लावून उभी राहतात आणि सगळा गाव मांडवात बसून पहाटेपर्यंत नाटक बघतो. आखातातून सुट्टीवर येताना मामाने २००१ साली मिनीडीव्ही कॅमेरा आणला आणि पुढे जवळजवळ प्रत्येक उत्सव टेपवर घेतला. ४६ टेपा झाल्या. बाबा गेले तेव्हा त्या कपाटात होत्या आणि दोन टेपांना बुरशी लागली होती. आपल्याकडच्या पावसात कपाटात ठेवलेलं काहीच सुरक्षित नसतं. गेल्या वर्षी मी सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. एका तासाच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे मूळ फाइलीच सहाशे जीबीच्या घरात. मग टीव्हीवर चालतील अशा लहान एमपी४ फाइली केल्या आणि प्रवेशाप्रवेशाने तोडल्या. ३१२ फाइली झाल्या.

त्या प्रत्येक फाइलीला मी मराठीत नाव दिलं. रात्री आईला शेजारी बसवून विचारायचे, हा कुठला प्रवेश, हे पद कोणाचं, पेटीवर कोण. ती सांगायची, मी टाइप करायचे. या कामाला चार महिने लागले. माझ्यासाठी ती नावं म्हणजेच सूची आहे. ती गेली तर उरतात ते नुसते ३१२ व्हिडिओ. त्यातलं कुठलं काय आहे हे सांगणारी एकच व्यक्ती आहे आणि तिचं वय एक्याऐंशी आहे.

शिगम्याच्या आदल्या आठवड्यात ड्राइव्ह राउटरला लावली. टीव्हीवर मीडिया सर्व्हरचं, म्हणजे टीव्हीला फाइलींची यादी देणाऱ्या राउटरमधल्या प्रोग्रॅमचं, चिन्ह लगेच आलं, आनंद झाला. फोल्डर उघडला आणि समोर हे:

??????? ?? ????????

खाली तसंच, त्याच्या खाली तसंच. ३१२ ओळी नुसती प्रश्नचिन्हं. मधल्या मोकळ्या जागा तेवढ्या शाबूत होत्या.

हे का होतं ते नंतर कळलं. असल्या राउटरच्या आत बहुधा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. जगातल्या सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड आणि ते क्रमांक साठवायची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८. ड्राइव्ह जोडून घेताना ‘नावं यूटीएफ-८ मध्ये वाच’ असा एक पर्याय द्यावा लागतो. तो दिला नाही तर देवनागरी अक्षराला बसायला जागाच मिळत नाही आणि प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह पडतं. म्हणजे प्रश्न एका शब्दाच्या सेटिंगचा. देवनागरी १९९१ पासून, युनिकोडच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे. नेटवर्कवर फाइली वाटण्यासाठी अशा राउटरमध्ये सहसा जो सांबा नावाचा मोफत प्रोग्रॅम असतो, त्याला २००३ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून युनिकोड कळतं. ड्राइव्हवर नावं जशीच्या तशी होती, टीव्हीचा मेनू तर हिंदीत येतो. दोन्ही टोकांना देवनागरी आहे आणि मधल्या डब्यात ती मरते.

हेच मी ग्राहकसेवेला फोनवर सांगितलं. टीव्हीच्या हिंदी मेनूचा फोटोही पाठवला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलत होता, पण त्याचं म्हणणं एकच: ‘मॅडम, नावं इंग्लिशमध्ये ठेवा ना.’ पणजीच्या सर्व्हिस सेंटरला राउटर घेऊन गेले. तिथे पेन ड्राइव्ह लावून दाखवली, ‘बघा, चालतंय.’ त्यात एकच फाइल होती आणि तिचं नाव इंग्रजीत होतं. मी माझी पेन ड्राइव्ह लावायला सांगितली. प्रश्नचिन्हं आली. काउंटरवरच्या माणसाने ती पाहिली आणि कागदावर लिहिलं: ‘यूएसबी पोर्ट व्यवस्थित.’ त्या कागदावर मी सही केली नाही.

लॅपटॉपची वेगळीच तऱ्हा. तिथे ड्राइव्ह दिसतच नव्हती. हा राउटर फाइल शेअरिंगची अगदी जुनी पद्धत, एसएमबी१, तेवढीच बोलायचा आणि विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरच्या अपडेटपासून ती आपोआप येत नाही. ग्राहकसेवेने मला ती विंडोजमध्ये जाऊन चालू करण्याच्या पायऱ्या ईमेलने पाठवल्या. मी केलं नाही आणि कोणी करू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच पद्धतीतल्या भोकातून जगभरच्या कॉम्प्युटरांत शिरला आणि लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत सुटला. जी कंपनी आपला राउटर सुधारायच्या ऐवजी ग्राहकाला घराचं दार उघडं टाकायला सांगते, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. पोर्ट यूएसबी २.० आहे, केबलने सेकंदाला १४ एमबी मिळाले. १३ जीबीची मूळ फाइल उतरवायला पंधरा मिनिटं. नुसतं बघायला ते पुरतं. आमच्या जुन्या घराच्या चिऱ्यांच्या भिंती दीड फुटी आहेत, त्यातून वायफाय पलीकडच्या खोलीत धड पोचत नाही, म्हणून टीव्हीपर्यंत केबल माळ्यावरून नेली. दोष चिऱ्यांचा, राउटरचा नाही.

जूनमध्ये वीज जायला लागली तेव्हा ड्राइव्ह टकटक आवाज करू लागली. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपिअर करंटचीच हमी असते आणि लहान ड्राइव्हलासुद्धा फिरायला लागताना त्याहून जास्त लागू शकतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आणला, सोळाशे रुपये. आवाज थांबला. स्वस्तात स्वस्त म्हणून घेतलेल्या सोयीवर हा आणखी एक खर्च. बाकी राउटर रोज चोवीस तास चालू आहे, इंटरनेट कधी अडकलेलं नाही, हेही सांगायला हवं.

जुलैमध्ये माझं मत बदललं होतं. नवं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं आणि त्यात एसएमबी२, म्हणजे फाइल शेअरिंगची पुढची पद्धत, आली. लॅपटॉपवर फोल्डर उघडला आणि सगळी ३१२ नावं मराठीत, कानामात्रेसकट! मी तेव्हाच ग्राहकसेवेला आभाराचा ईमेल पाठवला, दोनऐवजी चार स्टारही दिले. मग टीव्ही लावला. प्रश्नचिन्हं जशीच्या तशी. मीडिया सर्व्हर हा वेगळा प्रोग्रॅम आणि त्याच्यापर्यंत ही सुधारणा पोचलीच नव्हती. आमच्या घरी लॅपटॉपवर नाटक कोण बघतं? बघते ती आई आणि ती बघते टीव्हीवर.

याच दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. आई रिमोट घेऊन यादी खाली-खाली नेत होती, एका ओळीवर थांबली, दाबलं आणि बाबांचं पद सुरू झालं. मी विचारलं, कसं कळलं? ती म्हणाली, ‘सात, दोन, आठ.’ तिने प्रश्नचिन्हं मोजली होती. ‘बाबांचं पद वन्समोअर’. बाबांचं म्हणजे सात, पद म्हणजे दोन, वन्समोअर म्हणजे आठ. वर दिलेली ओळ तीच. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात, म्हणून सात. हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिने एकेक ओळ उघडून बघितली होती आणि आकडे पाठ केले होते. सर्व्हिस सेंटरचा तो कागद मला तेव्हा आठवला.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळं कुटुंब घरी. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली) आरती झाली, जेवणं झाली आणि दादा म्हणाला, बाबांचं नाटक लाव. वीस माणसं टीव्हीसमोर बसली. मुंबईहून आलेल्या भाचरंडांनी आजोबांना रंगमंचावर कधी पाहिलेलं नव्हतं. पडद्यावर प्रश्नचिन्हांची भिंत. आईने मोजायला सुरुवात केली, पण मागे गलका, तिचा आकडा चुकला, भलतंच सुरू झालं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बाये, नाटक खंय गेलें गो?’ त्या रात्री मी राउटरचा पोर्ट सोडायचा निर्णय घेतला.

फर्मागुडीला इंजिनीअरिंग करणाऱ्या भाच्याने रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर सुचवला. पाय, त्याचा अडॅप्टर, मेमरी कार्ड धरून साडेसात हजारांच्या आसपास गेले. एवढे पैसे पुन्हा घालताना जिवावर आलं. चवथीच्या सुट्टीत दोघांनी मिळून तो बसवला. ड्राइव्ह हबसकट त्याला जोडली, लॅपटॉपसाठी सांबा, टीव्हीसाठी मिनीडीएलएनए हा मीडिया सर्व्हर. सांबाला नाव आणि पासवर्ड द्यायला विसरू नका. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्ड नसलेली शेअर्स (नेटवर्कवर वाटलेली फोल्डरं) आपोआप उघडत नाहीत. पायवर यूएसबी ३.० आणि गिगाबिट नेटवर्क दोन्ही आहेत, म्हणून तीच १३ जीबीची फाइल दोन-अडीच मिनिटांत उतरते. वीज माझ्या हिशेबाने ड्राइव्ह धरून महिन्याला साडेचार युनिटांच्या पुढे जात नाही.

टीव्हीवर नावं दिसली. सगळी मराठीत. भाच्याला यात विशेष वाटलं नाही, तो म्हणाला, यूटीएफ-८ आपोआपच असतं. मी मात्र ती यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली.

एक अडचण इथेही आली आणि ती मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाला येणार, म्हणून लिहून ठेवते. ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत आधी एक्सफॅट होती. वीज गेल्यावर सावरायला तिच्याकडे जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, म्हणून आम्ही ड्राइव्ह लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीची केली आणि फाइली परत भरल्या. ११ फाइली जाईनात. ‘नाव फार लांब’ असा संदेश. एक नाव बघा: ‘२००४ देवळाचा उत्सव तिसरी रात्र संगीत नाटक दुसरा अंक बाबांचं पद आणि वन्समोअर शेवटी काकांचं आभाराचं भाषण’. विंडोजच्या पद्धतीत २५५ अक्षरचिन्हं चालतात, हे नाव एमपी४ धरून १०६ चं. एक्स्ट४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. इंग्रजीला २५५ अक्षरं, आपल्याला ८५. हे नाव २७८ बाइटचं झालं. ‘शेवटी काकांचं आभाराचं भाषण’ काढल्यावर २०५ वर आलं आणि फाइल गेली. काढलेला मजकूर वहीत लिहून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट ‘ऱ’ ची. ‘म्हाताऱ्याचा प्रवेश’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये, अक्षर न् अक्षर सारखी. एक फोनवर टाइप केलेली, दुसरी लॅपटॉपवर. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एकसंधही लिहिता येतो आणि ‘र’ खाली नुक्ता (टिंब) देऊनही. डोळ्यांना फरक नाही, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं. शोधताना एकच सापडते. सगळी नावं एकाच कीबोर्डवरून टाइप करा, नाहीतर माझ्यासारखे दोन दिवस जातील.

राउटरला आता मी दोन स्टार देते. इंटरनेटसाठी चांगला, पण ज्या पोर्टसाठी जास्तीचे पैसे दिले तो पोर्ट माझ्या भाषेतल्या नावांसाठी निकामी. दुकानात जाताना एक पेन ड्राइव्ह घेऊन जा, तिच्यावर मराठी नावाची एक फाइल असू द्या आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातल्या टीव्हीवर ती दाखवायला सांगा. ग्राहकसेवेच्या तिसऱ्या ईमेलला मी उत्तर पाठवलं आहे: नावं बदलणार नाही, मीडिया सर्व्हर दुरुस्त करा. सोबत टीव्हीच्या पडद्याचे दोन फोटो जोडले, एक त्यांच्या राउटरवरून, एक पायवरून.

सहाशे जीबीची दुसरी प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर करून साखळी गावी दादाकडे ठेवली आहे. आई आता चष्मा लावून यादी वाचते. काल तिने मला हाक मारली, एका नावात पेटीवाल्याचं आडनाव मी चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त केलं.