नमुना पितळेचा, माल जस्ताचा

फोनवरून पितळी बिजागऱ्या, कोपरे, कड्या मागवणार असाल तर आधी हे वाचा. चुंबक लावून पाहिलं म्हणजे झालं, असं आपल्या धंद्यात सगळेच सांगतात. माझ्या मालाला चुंबक चिकटलं नव्हतं, आणि तरीही तो पितळ नव्हता.

मी नागपूरच्या महाल भागात, घराच्या मागच्या खोलीत लाकडी पेट्या करते. दागिन्यांच्या, रुखवतात मांडायच्या, कुणाला चांदीची भांडी ठेवायला. पेटी सागवानाची, झाकणावर शिसवाच्या पट्ट्या आणि पितळी तारेचं जडावकाम. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि ऑर्डरीही. धंतोलीतल्या एका घरच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला साठ पेट्या हव्या होत्या. झाकणाला चार पितळी कोपरे, मधोमध पितळेचंच कमळ, पुढे कडी-कोयंडा, मागे दोन बिजागऱ्या.

लाकडाची मला काळजी नव्हती. सागवान बल्लारशाहच्या डेपोतून लिलावात निघालेलं (अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं, ते याच भागातलं), लकडगंजातल्या ओळखीच्या आरामशीनवर कापलेलं. लाकडाच्या मागे कागद असतो, वाहतुकीचा पास असतो. पितळेच्या मागे असं काही नसतं.

इतवारीत मला त्या मापाचे कोपरे एकसारखे साठ सेट मिळेनात. तेव्हा कारागिरांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा माणूस भेटला. अलीगढचा माल, गोडाऊन नागपुरातच, म्हणाला. ‘ताई, शुद्ध पितळ, ओतीव. आधी नमुना बघा, पसंत पडला तरच पैसे द्या.’ नमुन्याचा सेट कुरिअरने आला. चुंबक लावलं, कानस मारली, आतपर्यंत पिवळा. वजन केलं, १४० ग्रॅम. सेटचा भाव ३८० रुपये. फार स्वस्तही नाही की शंका यावी, बाजारापेक्षा जरासा कमी. भाव लावण्यात हे लोक हुशार असतात. साठ सेटचे २२,८०० झाले. निम्मे आगाऊ दिले.

बाकीचे पैसे मी माल पाहून देणार, असं ठरलं होतं. पण माल गाडीवर चढला आणि त्याने बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो पाठवला. मूळ बिल्टी पैसे जमा झाल्यावर. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात ही रीत जुनी आहे, त्यात वावगं काही नाही. नेमका त्याच रीतीचा त्याने उपयोग केला. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात बिल्टीशिवाय खोकं कुणी उघडू देत नाही. गोडाऊन नागपुरात असताना माल बाहेरून का येतोय, हे विचारलं तर म्हणाला, ‘ताई, इथला स्टॉक संपला ना.’

उरलेले पैसे भरून खोकं उघडलं, तर वरच्या पिशव्यांमधले सेट अस्सल पितळेचे. खालच्या पिशव्यांवरही चुंबक फिरवलं. काही नाही. पिवळेधमक, एकसारखे.

उघड झालं ते कोपरे बसवताना. आमचे कोपरे लाकडावर नुसते ठोकलेले नसतात, लाकडात दाबलेले असतात. पटाशीने कोपऱ्याच्या जाडीइतकं लाकूड काढायचं, कोपरा चिकटवून स्क्रू लावायचे, मग कानस आणि पॉलिश पेपरने लाकूड आणि पितळ एका पातळीत आणायचं. बोट फिरवलं तर सांधा लागू नये. पितळ असलं तर घासल्यावर ते आणखी चमकतं. इथे माझ्यासोबत काम करणारे काका झाकण घासत होते, तेच थांबले. ‘ताई, हे बघा.’ कोपऱ्यावरचा पिवळा रंग पेपरवर उतरला होता आणि खाली राखाडी-पांढरा धातू दिसत होता.

जस्ताची ओतीव वस्तू, वर पितळी मुलामा. बाजारात तिला झिंक किंवा व्हाइट मेटल म्हणतात. ती विकणं काही गुन्हा नाही, ‘ब्रास फिनिश’ म्हणून दुकानात उघड मिळते, स्वस्तात. भिंतीवरच्या हुकाला चालतेही. पण मुलामा असतो केसाइतकाही नाही, त्यामुळे घासून बसवायच्या कामात ती पहिल्या हातातच उघडी पडते. चुंबक लोखंड पकडतं, जस्त नाही. म्हणूनच त्याने लोखंडाऐवजी जस्त निवडलं.

बिजागऱ्यांचं त्याहून वाईट. ओतीव जस्त ठिसूळ असतं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात लाकूड आक्रसतं, कूलरसमोर ठेवलेली पेटी ओल धरते, पावसाळ्यात झाकण फुगून ओढ घेतं. पितळ एवढं सहन करतं. या बिजागरीचा डोळा स्क्रू कसतानाच तडकला.

मग सगळा माल काट्यावर घातला. साठ सेटचे ८ किलो ४०० ग्रॅम भरायला हवे होते. भरले ६ किलो ९००. जस्ताची ही मिश्रधातू पितळेपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने हलकी असते. एक सेट हातात घेऊन ते कळत नाही, पण अख्ख्या लॉटवर लपत नाही. चुंबकापेक्षा हा काटा भरवशाचा.

फोन केला. आधी म्हणाला, ‘ताई, अँटिक पॉलिश आहे, घासायचंच नसतं.’ नंतर म्हणाला, बिल बघा. बिलावर खरंच ‘ब्रास फिनिश फिटिंग’ लिहिलं होतं, चॅटवर मात्र ‘शुद्ध पितळ’. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. नंबर खरा, पण नाव भलत्याच, धान्याच्या व्यापाऱ्याचं. तेही बिचारे वापरले गेलेले असणार. त्यानंतर त्या माणसाने मला ब्लॉक केलं.

पैसे बँकेतून गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. फसवणाऱ्याच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते गोठवता येतात, त्यामुळे तासांनाही किंमत आहे. माझ्या बाबतीत त्याचं खातं तोवर रिकामं झालं होतं. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी व्यवहार आहे मॅडम’ असं ऐकावं लागलं. तेव्हा चॅटचं ‘शुद्ध पितळ’, खरा नमुना आणि खोटा माल तिन्ही टेबलावर ठेवा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. आपल्या तोंडी बसलेलं ४२० जुलै २०२४ पासून गेलं.

ग्राहक आयोगाबद्दल एक गैरसमज फार आहे, की धंद्यासाठी माल घेतला म्हणजे तक्रार करता येत नाही. २०१९ च्या कायद्यात, केवळ पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणाऱ्याला ग्राहकच मानलं आहे. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी तक्रार तिथे दाखल आहे.

साठ पेट्या वेळेवर दिल्या, पण घासलेले कोपरे उपसताना लाकूड फाटलं आणि तिथे शिसवाचे मोठे तुकडे भरावे लागले. ते कोपरे आधीपेक्षा बरे दिसतात असं गिऱ्हाईक म्हणालं. म्हणो, मजुरी माझी गेली.

त्याचे फोटो अजून फिरताहेत, वेगळ्या नावाने. गेल्या आठवड्यात दुसऱ्या ग्रुपवर पाहिले. निळ्या ताडपत्रीवर मांडलेले कोपरे, मधे आठ पाकळ्यांचं कमळ, शेजारी पिवळी मेजरटेप. हे फोटो आले तर भाव सेटवर नाही, किलोवर मागा, आणि बिलावर ‘पितळ’ एवढंच लिहून मागा, ‘फिनिश’ नको. मी नव्या नंबरवरून तसं मागून पाहिलं. उत्तर आलं नाही.